खोटीसकट घडवायचं, की खोट काढून?



बाहेरच्या फलकावर विषय वाचून मघाशी दोघा-तिघांनी विचारलं, की बेस गिटारचा आणि परतूरचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचं हे कापसाचं गाव. इथे पेटी आहे, मृदंग आहे, टाळ आहेत, सप्ताहात एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाणारी पहाऱ्याची वीणा आहे. बेस म्हटलं की आपल्याला आठवतो तो वरातीतला डीजे, खिडकीच्या काचा थरथरवणारा. पण आज मी ज्या वादाबद्दल बोलणार आहे, तो तिकडे अमेरिकेत गिटारच्या दुकानात चालू असला तरी तोच वाद तुमच्या मारुतीच्या देवळातल्या पेटीबद्दलही आहे. तिथपर्यंत येऊच. आधी जरा लांबून फिरून यावं लागेल.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची विजेवरची गिटार. ऑर्केस्ट्रात हिच्याकडे कुणी बघत नाही, पण ती थांबली की गाण्याखालची जमीन सरकल्यासारखं होतं. तिच्याआधी हे काम उभा बेस करायचा. माणसाच्या उंचीचं, व्हायोलिनच्या कुळातलं लाकडी धूड. त्याला पडदे नसतात. बोट केसभर इकडेतिकडे पडलं की सूर गेला. १९५१ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाच्या माणसाने, जो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा होता, एक सपाट लाकडी फळी घेतली, तिला लांब दांडी जोडली, दांडीवर सतारीसारखे पण पक्के ठोकलेले पडदे बसवले, आणि नाव ठेवलं 'प्रिसिजन बेस'. म्हणजे अचूक बेस. पडद्यामुळे सूर अचूक लागतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. हे लक्षात ठेवा, कारण पेटीचंही सगळं कौतुक आणि सगळी बदनामी याच एका गोष्टीवरून झालेली आहे.

आता हे वाद्य काही देवाने घडवून पाठवलेलं नव्हतं. त्यात खोटी होत्या. दांडीवर साधारण पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास, सगळ्यात बारीक तारेवर, एक सूर असा लागायचा की वाजला-न वाजला तोच विझायचा. याला ते लोक 'मेलेली जागा' म्हणतात. कारण सरळ आहे. लाकडी दांडीचं स्वतःचं एक कंपन असतं. तारेचं कंपन नेमकं त्याच्याशी जुळलं की दांडी तारेची ताकद पिऊन टाकते आणि तार गप्प होते. मग १९६० मध्ये 'जॅझ बेस' आला. त्याला दोन पिकअप होते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. दोन्हींचे आवाज सारखे ठेवले नाहीत की विजेची गुणगुण चालू, जशी आपल्याकडे अर्थिंग नसलेल्या माइकमधून येते. शिवाय जुन्या नमुन्यांत दांडीचा बाक सरळ करायचा स्क्रू अशा जागी होता, की त्याला हात घालायला अख्खी दांडी खोलून काढावी लागे. म्हणजे सायकलची चेन घट्ट करायला चाक काढण्यातला प्रकार.

१९६५ मध्ये फेंडरने कंपनी सीबीएसला विकली. नंतरच्या वर्षांत, वादकांच्या म्हणण्याप्रमाणे, मालाचा दर्जा घसरला. लोक जुने बेस शोधायला लागले, भाव चढले. आणि १९८२ मध्ये खुद्द कंपनीनेच आपल्याच जुन्या मालाच्या हुबेहूब नव्या प्रती काढायला सुरुवात केली. '५७ सालचा', '६२ सालचा' असं सांगून. त्यात तो अडचणीच्या जागचा स्क्रूही जसाच्या तसा ठेवला. १९९५ मध्ये त्याच्याही पुढची पायरी आली. नव्या कोऱ्या वाद्याचा रंग मुद्दाम खरवडायचा, धातू गंजवायचा, कडा घासायच्या, पन्नास वर्षं कुणीतरी वाजवलंय असं दिसेल असं करायचं, आणि नव्यापेक्षा जास्त पैशाला विकायचं. आपल्याकडे पोरं गुडघ्यावर फाटलेली जीन्स विकत आणतात आणि आजी ती शिवून ठेवते, तसलाच मामला.

तर वाद असा: जुनं वाद्य पुन्हा घडवायचं असेल तर खोटीसकट घडवावं, की खोट काढून?

एक बाजू म्हणते, खोट काढली की ते वाद्य तेच राहत नाही. दुसरी म्हणते, घडवणाऱ्यालाच ज्या गोष्टी नको होत्या, नाइलाजाने राहून गेल्या, त्या आपण पूजेला का लावायच्या? मला दोन्ही बाजू आळशी वाटतात. दोघेही 'खोट' हा शब्द एकाच मापाने मोजतात. खोट सगळी एका जातीची नसते.

जेम्स जेमर्सनचं उदाहरण घ्या. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कित्येक गाजलेल्या गाण्यांत बेस वाजवणारा माणूस तो. त्याच्याकडे १९६२ सालचा प्रिसिजन होता. त्यावर चपट्या गुंडाळीच्या जाड तारा होत्या आणि त्या तुटल्याशिवाय तो बदलायचा नाही. मळ बसून आवाज मंद झाला तरी नाही. तारांखाली, झाकणाच्या आत, फोमचा तुकडा होता. तो कंपनीनेच घातलेला, कारण उभ्या बेससारखा आखूड, दबका सूर निघावा. तारा पडद्यांपासून इतक्या उंच की दुसऱ्याची बोटं दुखावीत. एखाद्या तंत्रज्ञाला ते वाद्य दिलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी तारा बदलल्या असत्या, फोम फेकला असता, दांडी सरळ केली असती. आणि तो आवाज मेला असता. जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, आणि दबका सूर पटकन विझतो म्हणून तो त्या मोकळ्या जागेत आणखी सूर पेरत जायचा. वाद्याचा सूर टिकत नव्हता, म्हणून त्याची चाल धावती झाली. खोटीला माणसाने उत्तर दिलं, आणि ते उत्तर म्हणजेच त्याची शैली. ते वाद्य १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी चोरीला गेलं. आज त्याच्या नावाने तसलं वाद्य घडवायचं तर फोमसकट, जुनाट तारांसकटच घडवावं लागेल. इथे मी खोटीच्या बाजूने आहे.

आणि त्याच कंपनीचा, त्याच १९६२ सालचा दुसरा बेस. जॅको पास्टोरियसचा. या पठ्ठ्याने काय केलं, तर पडदे उपटून काढले आणि खाचा लाकडाच्या लुकणाने बुजवल्या. ज्या अचूकपणासाठी लिओ फेंडरने एवढा खटाटोप केला, तो अचूकपणाच याला खोट वाटला! त्याला मींड हवी होती, सूर ओढायचा होता. आता त्या वाद्याच्याही प्रती निघतात, घासलेल्या, ओरखडलेल्या, बिनपडद्याच्या. म्हणजे कारखान्यात आधी पडदे नसलेली दांडी बनवतात, तिच्यावर पडदे उपटल्याच्या रेघा दाखवतात. त्या रेघा कुठे बोट ठेवायचं हे सांगतात, त्याचा उपयोग आहे. बाजूच्या ओरखड्यांचा काय उपयोग, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आता घरी येऊ. तंबोरा.

आपल्या परंपरेत खोट म्हणावी अशी गोष्ट उचलून डोक्यावर ठेवलेली आहे. तिचं नाव जवारी. तार घोडीवरून मोकळी सुटली पाहिजे, कशालाही घासू नये, हा जगातल्या बहुतेक तंतुवाद्यांचा नियम. गिटारची तार पडद्याला लागून किरकिरली तर ते वाद्य दुरुस्तीला जातं. तंबोऱ्यात आपण घोडी रुंद आणि किंचित गोलसर ठेवतो, म्हणजे तार तिच्या पाठीवर घासत राहते, आणि वर तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. तो दोरा केसभर हलवला की झंकार उघडतो. त्या किरकिरीतूनच वरचे स्वर फुटतात, खर्जातून गंधार ऐकू येतो. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. तो कुणी छेडलेला नसतो.

हे काम मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या चालतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांपासून ती परंपरा सांगतात. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचं काम संपत आलं, तेव्हा त्याच हातांनी भोपळे आणि दांड्या घ्यायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कानसाने घोडीची पाठ घासत जवारी लावणारा कारागीर कुठल्याही मोजपट्टीने काम करत नाही. घासतो, ऐकतो, घासतो. आणि ही जवारी टिकतही नाही. तारेने घोडीवर चरे पडतात, झंकार बसतो, पुन्हा कारागिराकडे जावं लागतं. बघा, वाद्य बिघडणं हाच त्याच्या घडणीचा भाग आहे.

मग 'जुना तंबोरा जसाच्या तसा घडवा' असं कुणी म्हणालं तर? तो घडवता येत नाही. जुन्या घोड्या आणि नक्षी सांबरशिंगाच्या, हस्तिदंताच्या असायच्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनंतर तो माल बंद झाला, आणि बंद झाला हे उत्तमच झालं. आता उंटाचं हाड वापरतात, लाकूड वापरतात, कृत्रिम पदार्थ वापरतात. जवारी लागते. थोडी वेगळी लागते, लवकर उतरते असंही सांगणारे आहेत. पण हरणाच्या शिंगाचा आग्रह धरून बसलेला गवई मला अजून भेटलेला नाही. म्हणजे ज्यांच्या कानाला खरंच फरक कळतो ते लोकसुद्धा वस्तू सोडतात आणि गुण धरतात. गिटारच्या बाजारात नेमकं उलटं चालतं. तिथे वस्तू धरतात. तोच गोंद, तेच लाकूड, तोच स्क्रू.

दुसरं टोकही आपल्याकडेच आहे. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. आता तो मोबाइलमध्ये आहे. सूर उतरत नाही, खुंटी सरकत नाही, पावसाळ्यात फुगत नाही. रियाजाला याच्याइतकी सोय नाही, आणि परतूरसारख्या ठिकाणी एकटं शिकणाऱ्या मुलाला तर हा आधारच आहे. त्याला नाक मुरडणारे बहुधा मुंबई-पुण्यात राहतात आणि त्यांच्या घरी दोन तंबोरे असतात. पण एक गोष्ट गेली. तंबोरा जुळवता येणं हेच गाण्याचं अर्धं शिक्षण होतं. मणी सरकव, दोरा हलव, कान लाव. ज्याचा तंबोरा कधी उतरतच नाही, त्याला उतरलेला सूर कसा असतो ते कुठे कळणार? ही खोट शिकवणारी होती.

आता पेटी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे माझं उत्तर बदलतं.

पेटी मूळची युरोपातली. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट झालं. तिथली पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये द्वारकिन कंपनी सुरू केली आणि पुढे हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी घडवली. तिथून ती नाटकात, बैठकीत, कीर्तनात, भजनात शिरली. मराठी संगीत नाटकाचा तर पेटी आणि ऑर्गन यांच्याशिवाय विचारच करता येत नाही. पेटीवर गोविंदराव टेंबे, पुढे पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर. आणि आपल्या जालन्याकडचे अप्पा जळगावकर, ज्यांनी भीमसेन जोशींपासून कितीतरी मोठ्या गवयांना साथ केली. जालना जिल्ह्यातल्या श्रोत्यांसमोर हे नाव घेतल्याशिवाय पेटीबद्दल बोलणं मला शोभणार नाही.

पेटीत खोट काय? मींड निघत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पट्टी दाबली की सूर, सोडली की शांतता. पण दुसरी खोट जास्त खोल आहे. पेटी युरोपच्या पद्धतीने जुळवतात, सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून. याला टेम्पर्ड म्हणतात. एका तुकड्याचे शंभर भाग धरले, तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० भागांवर येतो. तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो ३८६ वर असतो. म्हणजे पेटीचा गंधार १४ भाग चढा. धैवत त्याहून थोडा जास्त, १६ भाग. पंचम जवळजवळ बरोबर, दोनच भाग उतरलेला. तंबोरा आणि पेटी एकत्र लावून गंधार धरून ठेवा, दोन सूर एकमेकांना ढोसताना ऐकू येतील. ज्याला ऐकू येत नाही, त्याचा कान पेटीनेच तयार केलेला आहे असं समजा. यात अपमान नाही. आपल्यातल्या बहुतेकांचं तसंच आहे.

या खोटीवर दोन उपाय झाले. पहिला सरकारी. आकाशवाणीने मार्च १९४० पासून हार्मोनियमला बंदी केली. त्या वेळी नभोवाणीचे प्रमुख होते लायोनेल फील्डन, आणि जॉन फोल्ड्स नावाच्या इंग्रज संगीतकाराने आधीच पेटीविरुद्ध लेख लिहून रान उठवलं होतं. आपल्याकडच्याही मोठ्या माणसांना पेटी आवडत नव्हती, रवींद्रनाथांना तर मुळीच नाही. ती बंदी तीस वर्षं चालली. १९७१ पासून अटी घालत सैल केली. तीस वर्षं रेडिओवर पेटी नाही आणि गावोगावच्या देवळात पेटीच पेटी! बंदी घालणाऱ्यांना देऊळ ऐकूच येत नव्हतं.

दुसरा उपाय कारागिरीचा, आणि तो आपल्या मराठी माणसाचा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल. नोकरीने डेप्युटी कलेक्टर, पण श्रुतींच्या मागे लागलेले. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची त्यांना प्रयोगांत मदत झाली. मग ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुती हार्मोनियम घडवून घेतलं, लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ही पेटी विद्वानांसमोर ठेवली गेली. वाद झाले. भातखंड्यांना ते पटलं नाही. पेटी मागे पडली. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी पुन्हा बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली, तीत पट्टीखालच्या खटक्याने त्याच स्वराची दुसरी श्रुती निवडता येते. काम विलक्षण आहे. पण या गावात मी तशी पेटी पाहिली नाही, आणि कुणी पाहिली असेल तर नंतर मला भेटा.

का नाही? कारण श्रुतीची पेटी एका षड्जाशी बांधलेली असते. ही तांत्रिक गोष्ट आहे पण सगळा पेच इथेच आहे, म्हणून नीट ऐका. काळी एकला षड्ज धरून गंधार तंबोऱ्याप्रमाणे उतरवला, की काळी एकला पेटी गोड लागते. आता पुढचा गायक म्हणाला, 'मला काळी पाच द्या.' झालं! मघाचा गंधार आता दुसऱ्याच स्वराच्या जागी आला, आणि सगळं घर फिरलं. स्केल चेंजर सरकवला तर? तो फक्त पट्ट्या हलवतो, आतले सूर तेच राहतात. म्हणून एकल पेटी वाजवणारा मोठा कलाकार, ज्याचा षड्ज ठरलेला आहे, तो पेटी आपल्या कानाप्रमाणे जुळवून घेऊ शकतो. पण भजनाच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या आठ माणसांत पहिला बुवा काळी दोनवाला, दुसरा पांढरी चारवाला, आणि पोरगी उठली तर काळी पाच. तिथे सगळ्यांना सारखीच थोडी चुकीची पेटीच चालते. टेम्पर्ड पेटी कुणालाच पूर्ण खरा गंधार देत नाही, पण कुणाला उठूनही लावत नाही.

म्हणून माझं मत असं, की देवळातली नवी पेटी घ्यायची तर ही खोट ठेवूनच घ्या. आणि मुलाला गाणं शिकवायचं असेल तर पेटीवर अजिबात शिकवू नका, तंबोऱ्यावर शिकवा, मोबाइलमधल्या का होईना. एकच खोट एका जागी माफ आहे आणि दुसऱ्या जागी घातक आहे. 'मूळ खोट ठेवावी का' हा प्रश्न वाद्याकडे बघून सुटत नाही. ते वाद्य कोणत्या ओट्यावर, कोणाच्या मांडीपुढे ठेवणार आहात, ते आधी सांगा.

जाता जाता बेंजोचं एक. आपल्याकडे बँड पार्टीत जो विजेवरचा बेंजो वाजतो, तो जपानच्या नागोया शहरात १९१२ मध्ये निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा वंशज. टंकलेखन यंत्रासारख्या कळा. त्या कळांचा खटखट आवाज तारेच्या आवाजात मिसळतो आणि स्पीकरमधूनही येतो. कुणी तो काढायचा प्रयत्न केला तर वाजवणारे म्हणतील, 'साहेब, राहू द्या, त्यानेच ठेका चढतो.' ते बरोबर म्हणतील.

आता मुंबईतली एक गंमत सांगतो, कारण या विषयावर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. बेस गिटार, गिटार, कीबोर्ड, सगळं. १९८१ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाचं एक छोटं यंत्र काढलं. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला मागे बेस गिटारची साथ मिळावी, हा उद्देश. यंत्र साफ फसलं. त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, रबर ताणल्यासारखा होता, आणि त्यात सूर भरणं म्हणजे डोकेदुखी. १९८४ पर्यंत उत्पादन बंद. पण त्याआधीच, १९८२ मध्ये, आपल्या या बेसवाल्या माणसाने ते यंत्र घेतलं, त्यात सूर सरकवायची जी सोय होती ती मींडीसारखी वापरली, आणि ललत, भैरवी, कलावती असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. खपली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी तेच फसलेलं यंत्र वापरून ॲसिड हाउस नावाचं नृत्यसंगीत काढलं आणि त्या यंत्राचे भाव आकाशाला भिडले. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा जगाला कळलं की मुंबईत हा आवाज पाच वर्षं आधीच निघाला होता. ते २०१५ मध्ये गेले, त्याआधी परदेशात त्यांचे कार्यक्रम झाले, एवढं तरी सुख. आणि २०१६ मध्ये रोलँडने त्या यंत्राची नवी आवृत्ती काढली. तिच्यात आवाज सुधारून बेस गिटारसारखा केला असता तर? एकही विकली गेली नसती. तिथे खोट हाच माल आहे.

मग मी गिटारच्या कारखानदारांवर चिडतो कशासाठी? सांगतो. तो अडचणीचा स्क्रू घ्या. त्याला कुठल्या वादकाने कधी उत्तर दिलं? त्यातून कुठली शैली निघाली? फक्त दुरुस्ती करणाऱ्याची पाठ मोडली. तो ठेवणं म्हणजे वाडवडिलांच्या घरात डोकं आपटायचं म्हणून दाराची चौकट बुटकीच बांधणं. मेलेल्या जागेबद्दल मात्र माझं मन इतकं पक्कं नाही. सत्तरच्या दशकात कार्बनच्या दांडीचे बेस निघाले, त्यात ती जागा जवळजवळ गेली, सगळे सूर एकसारखे लांब. बरेच वादक लाकडाकडे परत आले. काही सवयीने आले असतील, काही कानाने. ते वेगळं करता येत नाही, म्हणून तिथे लाकूड राहू द्यावं, ज्याला नको त्याला कार्बन आहेच.

पण खोटे ओरखडे ही सरळ लबाडी आहे. वारकऱ्याच्या वीणेची दांडी अंगठ्याच्या जागी झिजलेली असते. ती झीज कुणी लावलेली नसते. सप्ताहात रात्री तीनला झोप येत असताना जो पहाऱ्याला उभा होता, त्याच्या अंगठ्याची ती आहे, आणि त्याच्या आधीच्याची, आणि त्याच्याही आधीच्याची. उद्या एखाद्या दुकानदाराने झिजलेल्या दांडीची नवी वीणा दुप्पट भावाने काढली तर परतूरकर तिला हात लावतील का? मला वाटतं हसतील. ते हसू गिटारच्या बाजाराला आजवर कुणी ऐकवलेलं नाही.

आणि पैशाचं बोललंच पाहिजे. खोटीसकट केलेली प्रत महाग असते, कारण ती हौशी माणसासाठी असते. नव्याने शिकणाऱ्या पोराला हवं असतं स्वस्त, सुरात राहणारं, तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारं वाद्य. कारखान्याची हुशारी जुन्या खोटी जपण्यात खर्च होते तेव्हा ती त्या पोरासाठी खर्च होत नाही. मला विचाराल तर जुन्या वाद्याच्या हुबेहूब प्रतीपेक्षा त्याचे सुटे भाग आणि अचूक मापं मिळत राहणं जास्त मोलाचं. मिरजेच्या कारागिराकडे मापाची वही नसली तरी त्याच्या शेजारी बसलेला पुतण्या असतो. तो पुतण्या आता मोबाइलच्या दुकानात बसला, तर हुबेहूब तंबोरा कुणाला मागणार आहात?

एवढं बोलून मी थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न: आमच्या भजनी मंडळाची जुनी पेटी आहे. अर्धे सूर बोलत नाहीत. दुरुस्तीवाला म्हणतो सगळे सूर नवे टाकू. काही जण म्हणतात विका आणि कीबोर्ड घ्या. काय करावं?)

कीबोर्ड घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण लोडशेडिंगच्या गावात भजन विजेवर टाकताना विचार करा. पेटीचं असं बघा. सूर बोलत नाही याचा अर्थ सूर मेला असा बहुतेक वेळा नसतो. सूर म्हणजे पितळेची जीभ. तिच्या फटीत धूळ बसते, झुरळाचा पाय अडकतो, की ती गप्प. आधी भाता तपासा. पट्ट्या न दाबता भाता मारून ठेवा, हवा लगेच गेली तर कुठेतरी गळती आहे, बहुतेक चामडं उंदराने खाल्लेलं असेल. ते बदलायला फार खर्च नाही. मग न बोलणारे सूर एकेक काढून मऊ ब्रशने साफ करायला सांगा. ब्लेडने खरवडू देऊ नका. जीभ टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि एकदा गेलेलं पितळ परत येत नाही. नर आणि खर्ज अशा दोन ओळी असतील तर दोन्ही एकमेकांशी जुळवायला सांगा, नुसती एक ओळ नको. एवढं करून जे सूर खरंच तुटलेले निघतील, तेवढेच नवे टाका. आणि काढलेले जुने सूर दुरुस्तीवाल्याकडे सोडून येऊ नका. प्रत्येकावर पट्टीचा नंबर लिहून, एका डबीत घालून, पेटीच्याच आत ठेवा.